सतरंजी, जमखाना, दरी की गालिचा? घरातली जुनी सुती अंथरुणे ओळखायची कशी?

गावभाग (सांगली)

सांगलीच्या गावभागात आमचे जुने घर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी ओटा चढून माजघरात शिरले, तेव्हा खालचे जे भिजलेले सामान आम्ही नंतर वाळवून माळ्यावर टाकले, ते बरेचसे आजपर्यंत तसेच पडून होते. आता घर रंगवायला काढले असल्यामुळे माळा रिकामा करावा लागला आणि त्यात विणलेली चार सुती अंथरुणे निघाली. त्यांच्या जोडीला माझे स्वतःचे एक आहे, अशी पाचांची ओळख पटवण्यासाठी हा धागा काढत आहे. (सतरंज्यांवर धागा काढताना शब्दाचा मोह आवरणे कठीण आहे, पण असो.)

मुख्य अडचण अशी की, घरातली नावे काही कामाला येत नाहीत. आजी प्रत्येक मोठ्या अंथरुणाला जमखाना म्हणते, आई सतरंजी म्हणते, पुण्याची वहिनी दरी म्हणते, आणि ज्याच्यावर पाहुणे बसतात त्याला वडील गालिचा म्हणतात, मग ते काहीही असो.

पहिले अंथरूण तांबड्या, निळ्या आणि काळ्या आडव्या पट्ट्यांचे असून ते इतके जड आहे की उचलायला दोन माणसे लागतात. एका कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने आजोबांची आद्याक्षरे काढलेली आहेत, कारण गल्लीत कोणाकडे लग्नमुंज असली की ते मांडवात जात असे आणि परत येताना बदलू नये अशी काळजी घ्यावी लागे. दुसऱ्यावर तांबड्या जमिनीवर पिवळे मोर आणि मधोमध सारीपाटासारखी फुली आहे. तिसरे निळे-पांढरे, पातळ पण टणक असून त्यावर पायऱ्यापायऱ्यांच्या कडा असलेले शंकरपाळे आहेत. त्याला बरीच भोकेही पडलेली दिसतात. चौथे जाड आणि मऊ आहे. एका बाजूला हिरव्या जमिनीवर पांढरी फुले, तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर हिरवी. पाचवे मी गेल्या वर्षी एका प्रदर्शनातून ‘अस्सल हातमागाची पंजा दरी’ म्हणून घेतले.

जुन्या वस्तू खरेदी करणारे एक गृहस्थ मध्यंतरी येऊन गेले. निळे-पांढरे पाहताच ते म्हणाले, “ही तुरुंगातली दरी आहे, शंभर वर्षांची.” आणि त्याच दमात त्यांनी तिची किंमत पट्ट्यांच्या सतरंजीपेक्षाही कमी सांगितली. दोन्ही विधाने एकत्र खरी असणे अवघड वाटल्यामुळे येथे विचारत आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

पट्ट्यांचे अंथरूण निःसंशय भवानीचा जमखाना असावा. तामिळनाडूतल्या इरोड जिल्ह्यात भवानी नावाचे गाव आहे, आणि तेथील जमक्काळम या जाड सुती अंथरुणाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. मी तिकडे नोकरीला होतो. घरोघरी असेच रंगीत पट्टे पाहिले आहेत. बाकीच्यांविषयी जाणकारांनी सांगावे.

विट्याचा माग (विटे)

गावभाग ताई, नक्षी, रंग आणि घरात चालत आलेले नाव या तिन्ही गोष्टी आधी बाजूला ठेवा. नक्षी कोणीही कोणाची उचलतो; विणणाऱ्याचा हात मात्र काठाला, पाठीला आणि दोन रंग जिथे भेटतात त्या जागेला सापडतो. माझे सारे आयुष्य मागावर गेले, पहिली काही वर्षे हातमागावर आणि पुढची यंत्रमागावर, त्यामुळे पाहण्याचा जो क्रम माझ्या बोटांना ठाऊक आहे तोच लिहितो.

सुरुवात ताण्या-बाण्यापासून करावी. ज्या दोन टोकांना दशा सुटलेल्या असतात, त्या टोकांमधून जाणारे उभे धागे म्हणजे ताणा, आणि त्यांच्यामधून आडवा विणला जातो तो बाणा. सतरंजीत किंवा दरीत हा ताणा जवळजवळ दिसतच नाही, कारण तो विरळ लावलेला असतो आणि त्यावर जाड बाणा ठोकून ठोकून इतका दाबलेला असतो की वरून केवळ बाण्याचा रंग दिसतो, आणि ताणा फक्त उभ्या कंगोऱ्यांच्या रूपाने बोटाला लागतो. सुईच्या टोकाने बाणा किंचित बाजूला सारलात तर आतून बहुधा पांढरा, पिळदार ताणा डोकावेल. दोन्ही बाजू सारख्याच असतील आणि लव नसेल, तर वस्तू दरीच्या कुळातली. लव असेल, आणि तिच्या बुडाशी ताण्याच्या धाग्यांभोवती मारलेल्या गाठी असतील, तर तो हाताने गाठी मारलेला गालिचा. वडिलांना हे सांगायचे की नाही ते तुम्हीच ठरवा.

आता पट्टे. धोटा, म्हणजे बाण्याचा धागा वाहून नेणारी लाकडी नळी, एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो, म्हणून रंग बदलला की पट्टा पडतो तो आडवाच. उभी रेघ अशा विणीत सहजासहजी मिळत नाही. त्यासाठी जुनी युक्ती अशी की दोन रंगांचे दोन धोटे एकाआड एक टाकायचे. मग एक रंग सम ताण्यांवर आणि दुसरा विषम ताण्यांवर वर येतो, आणि बारीक उभ्या रेघा उमटतात. मध्येच धोट्यांचा क्रम उलटला की रेघा एका ताण्याने सरकतात आणि बारीक चौकडा तयार होतो. सतरंजी हा शब्द शतरंजवरून आला असे मानले जाते, आणि शतरंज आपल्या चतुरंगावरून. म्हणजे शब्दात पट मांडलेला आहे, पण आज सतरंजी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पट्टेच येतात.

अजिंक्यतारा साहेबांना म्हणूनच नम्रपणे सांगावेसे वाटते की, केवळ पट्ट्यांवरून गाव ठरवता येत नाही. भवानीचे जमक्काळम प्रसिद्ध आहे हे खरे, पण पट्ट्यांची सतरंजी ही मागावरची सर्वांत सोपी आणि स्वस्त वीण असल्यामुळे ती देशात कुठेही विणली गेली. जिथे मांडव पडला तिथे ती लागली. ताईंची सतरंजी दोन पाट जोडून शिवलेली आहे का, तेवढे पाहावे. अरुंद मागावर विणलेल्या मोठ्या अंथरुणाच्या मध्यावर अशी शिवण सापडते, आणि तिथे दोन्हीकडचे पट्टे सहसा थोडे तरी चुकतात.

खरी गंमत पंजा दरीत आहे. पंजा म्हणजे हातात धरायचे, लोखंडी दात्यांचे, माणसाच्या पंजासारखे वाकलेले हत्यार. बाणा भरला की त्याने तो खाली ठोकून बसवतात. या दरीत बाणा काठापासून काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची सुताची वेगळी गुंडी असते, ती आपल्या हद्दीपुरती जाते आणि तिथूनच मागे फिरते. म्हणून पाहण्याची जागा ही हद्द. दोन रंग शेजारशेजारच्या दोन ताण्यांवरून आपापले मागे फिरले, तर मध्ये उभी खाच राहते. दोन्ही रंग एकाच ताण्याला वळसा घालून फिरले, तर खाच राहत नाही, पण हद्दीवर करवतीसारखे दाते दिसतात आणि तिथे किंचित उंचवटा लागतो. दोन्ही रंगांचे धागे एकमेकांतच अडकवून फिरवले, तर हद्द धारदार दिसते आणि जोड पक्का होतो. खाच फार लांब झाली तर अंथरूण फाटते, म्हणून विणकर उभी रेघ टाळतो आणि हद्द पायरीपायरीने तिरकी नेतो. तुमच्या शंकरपाळ्यांना पायऱ्या आहेत त्या शोभेसाठी नव्हेत, विणीच्या सोयीसाठी आहेत.

आता असे करा: दुपारच्या उजेडात निळे-पांढरे अंथरूण खिडकीसमोर उभे धरा आणि तुम्ही ज्यांना भोके म्हणता ती नेमकी कुठे आहेत ते मला सांगा.

जतकर (जत)

मोर आणि सारीपाट यांच्याविषयी चार शब्द लिहितो, कारण आमचे अर्धे सोयरे कर्नाटकात आहेत. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदला जे अंथरूण विणतात त्याला तिकडे जमखानाच म्हणतात. ते उभ्या मागावर, घरातल्या घरात, तिथल्या मुस्लिम स्त्रिया विणतात. हे विणकर मूळचे विजापूरचे आणि आदिलशाहीच्या काळात तिथून नवलगुंदला आले, असे सांगितले जाते. कला घराबाहेर जाऊ नये म्हणून ती लेकींना न शिकवता सुनांना शिकवत, अशीही तिकडची सांगी आहे. मोर, सारीपाट आणि भौमितिक आकृत्या ही तिथली ठळक चिन्हे, आणि या दऱ्यांना भौगोलिक मानांकन आहे. नमाजाच्या लहान दऱ्याही त्याच मागांवर विणतात.

जत, मिरज, विजापूर हा एकच टापू होता, मध्ये राज्याची सीमा नंतर आली. तेव्हा सांगलीतल्या घरात असा जमखाना निघाला तर मला त्यात नवल वाटत नाही. ताईंनी आजीला तिच्या आईच्या माहेराविषयी विचारावे.

गावभाग (सांगली)

विट्याचे काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल दुपारी आम्ही मायलेकींनी सगळी अंथरुणे एकेक करून खिडकीसमोर धरली.

निळ्या-पांढऱ्याला भोके नाहीतच. प्रत्येक शंकरपाळ्याच्या पायरीवर, जिथे निळा संपून पांढरा सुरू होतो, तिथे करंगळीच्या नखाएवढी एक उभी फट आहे आणि तिच्यातून उजेड येतो. सगळे अंथरूण उजेडासमोर धरले तेव्हा ठिपक्यांची रांगोळी काढल्यासारखे शंकरपाळे नुसत्या प्रकाशाने उमटले. इतकी वर्षे ते जमिनीवर होते म्हणून आम्हांला हे कधी दिसलेच नाही. पट्टी लावून मोजले तर एका इंचात आठ कंगोरे भरतात. आणि एक कबुली द्यायची आहे: फाटले असे समजून आईने पुष्कळ वर्षांपूर्वी त्यातल्या सात फटी काळ्या दोऱ्याने नीट शिवून टाकलेल्या आहेत.

मोरांच्या अंथरुणातून उजेड कुठेच आला नाही. मोराच्या गळ्याशी पिवळा आणि तांबडा भेटतात तिथे तुम्ही म्हणता तसे बारीक दाते आहेत, आणि डोळे मिटून हात फिरवला तरी मोर कुठे सुरू होतो ते कळते.

पट्ट्यांच्या सतरंजीला मध्यावर शिवण आहे, आणि तांबडा पट्टा डावीकडून उजवीकडे जाताना बोटभर खाली घसरला आहे. चौथ्याची मात्र गंमत झाली. फुलाच्या मधोमध चिमटीत धरून दोन्हीकडे ओढले, तर कापडाचे दोन थर वेगळे होतात, उशीच्या अभ्र्यासारखे. फुलाच्या कडेशी ते पुन्हा एकमेकांत शिरतात. हे काय आहे?

विट्याचा माग (विटे)

चौथी दरी नव्हे, ती सोलापुरी चादर आहे. जॅकार्ड, म्हणजे ताण्याचे धागे नक्षीप्रमाणे वेगवेगळे उचलणाऱ्या मागावर एकाच वेळी दोन थर विणले जातात, एक हिरवा आणि एक पांढरा, आणि नक्षीच्या कडेवर वरचा थर खाली आणि खालचा वर जातो. म्हणून पाठीवर रंग नेमके उलटे दिसतात आणि फुलाच्या पोटात हवा राहते. ऊब येते ती या हवेमुळेच. टोकाला उत्पादकाचे नाव विणलेले असेल, ते वाचून पाहा. पांघरायची वस्तू आपण अंथरतो, एवढेच.

तिसरी पंजा दरी आहे, आणि चांगल्या हाताची आहे, कारण एवढ्या फटी ठेवूनही ती टणक राहिली आहे. अशा दऱ्या राजस्थानात जोधपूरजवळच्या सालावासला आजही विणतात, आणि पंजाबात लेकीच्या लग्नासाठी घरच्या बायका विणत असत. तिची जात सांगता येते, गाव मात्र वीण सांगत नाही.

तुरुंगाचे म्हणाल, तर ती गोष्ट पोकळ नाही. एकोणिसाव्या शतकात अनेक तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे आणि दऱ्या विणून घेत. आग्र्याच्या तुरुंगात व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला प्रचंड गालिचा विंडसरच्या राजवाड्यात आहे. आपल्याकडे येरवड्याला गालिचे विणले जात, आणि महाराष्ट्रातल्या कारागृहांत सतरंज्या आजही विणतात. परंतु यामुळेच जुन्या बाजारात कोणत्याही नेटक्या निळ्या-पांढऱ्या दरीला ‘तुरुंगातली’ म्हणण्याची रीत पडली आहे. शिक्का, चिठ्ठी किंवा खरेदीचा कागद असल्याशिवाय त्या शब्दाला किंमत देऊ नये. त्या गृहस्थांनी स्वतःही ती दिलेली दिसत नाही.

पुरात रंग कोणाचा सुटला होता, तेही आठवून लिहावे.

गावभाग (सांगली)

पट्ट्यांच्या सतरंजीचा तांबडा सुटला होता. आजोबांची पांढरी आद्याक्षरे तेव्हापासून गुलाबी आहेत. निळ्या-पांढऱ्याचा पांढरा मात्र पांढराच राहिला. फक्त ओली असताना हात लावला की बोटे निळी होत. यावरून कोणती जुनी आणि कोणती नवी ते ठरवता येईल का?

विट्याचा माग (विटे)

नाही, आणि येथेच पुष्कळ जण फसतात. पाण्यात सुटला तो तांबडा बहुधा सुतावर थेट चढणाऱ्या स्वस्त रंगांपैकी असावा. त्या जातीचा पहिला रंग, काँगो रेड, १८८४ सालचा आहे. म्हणजे सुटणारा रंग शंभर वर्षांपूर्वीचाही असू शकतो आणि गेल्या दिवाळीचाही. निळीची तऱ्हा वेगळी. ती धाग्याच्या आत विरघळून बसत नाही, थरावर थर चढते. म्हणून पाण्यात सहसा पसरत नाही, पण घासली की हाताला लागते. तुमची बोटे निळी झाली यावरून ती नीळ असावी असे म्हणता येते. परंतु कारखान्यात केलेली नीळ १८९७ पासून बाजारात आहे आणि ती झाडाच्या निळीहून डोळ्यांना वेगळी दिसत नाही. रंग धुण्याची काळजी सांगतो, वय सांगत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

माझे भवानीचे विधान मी मागे घेतो. जाता जाता एक विचारतो. आमच्याकडे जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून विणलेले एक अंथरूण आहे, त्याला दरी म्हणावे का? आणि माणदेशातले घोंगडे या कुळात बसते का?

विट्याचा माग (विटे)

लुगड्यांच्या चिंध्या बाण्याच्या जागी वापरल्या असतील आणि ताणा सुती असेल, तर ती चिंध्यांची दरीच झाली. वाकळ मात्र नव्हे, कारण वाकळ विणत नाहीत, थरावर थर ठेवून टाके घालतात. घोंगडे मेंढीच्या लोकरीचे, खड्डामागावर विणून चिंचोक्याची खळ लावलेले. तो विषयच निराळा आहे, त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी जरूर लिहीन.

गावभाग (सांगली)

आता पाचवे, माझे स्वतःचे. तुमचे सगळे वाचून झाल्यावर मी ते उलटे करायला घाबरत होते, शेवटी आज केले. पाठीवर नक्षी आहे, पण धुरकट. बाणा सुईने बाजूला सारला तर त्याच धाग्याचा वरचा भाग तांबडा आणि खालचा पांढरा आहे. म्हणजे नक्षी विणलेली नाही, छापलेली आहे. लांबीचे दोन्ही काठ कापून वर मशीनने दोरा घातलेला आहे. बाणा काठाशी वळून परत आलेला कुठेच नाही. शेवटी दशीचा एक धागा तोडून चिमट्यात धरून गॅसवर जाळला. तो आक्रसत गेला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. पडताळ्यासाठी आजोबांच्या सतरंजीची एक दशी जाळली, तर ती कागदासारखी जळून बोटात चुरडणारी राखाडी राख उरली. प्रदर्शनातल्या विक्रेत्याने पंजा, हातमाग आणि सूत असे तीन शब्द वापरले होते आणि तिन्ही खोटे निघाले. पावतीवर मात्र नुसते ‘कार्पेट’ लिहिलेले आहे, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

जतकर दादा, आजीला विचारले. तिच्या आईचे माहेर गदगच्या बाजूचे, आणि मोरांचे अंथरूण तिच्या आईला लग्नात मिळालेले आहे. नवलगुंद हे नाव मी उच्चारल्यावर ती म्हणाली, “मग मी इतकी वर्षं जमखाना म्हणतेय ते काय चूक म्हणत होते?”

काका, शेवटचा प्रश्न. आईने शिवलेल्या त्या सात फटी उसवू का?

विट्याचा माग (विटे)

उसवू नका. शिवणीला बरीच वर्षे झाली आहेत आणि दोन्हीकडचा बाणा त्या दोऱ्याला धरून बसला आहे. आता तो दोरा ओढलात तर फटीच्या कडेचे सूतच सैल होईल आणि तिथून खरोखर फाटेल. उरलेल्या फटी मात्र कोणालाही शिवू देऊ नका. घडी न घालता, स्वच्छ धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेवा. गुंडाळताना दशांच्या टोकापासून सुरुवात करा, आणि या वेळी माळ्यावर नको, कपाटात ठेवा. जमखान्यालाही तसेच. पावती एकदा मला फोटो काढून पाठवा, तिच्यावर कापडाचा प्रकार किंवा काही क्रमांक छापला आहे का ते पाहू.